सोलापुरातून परदेशी पदवीला जायचंय? मग अकरावीपासून लागा

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की दोन-चार पालक पेढे घेऊन येतात आणि पेढ्यामागोमाग प्रश्न येतो, "सर, पोरीला ८८ टक्के पडले. अमेरिकेला पाठवावं म्हणतोय. फॉर्म कधी सुटतात ओ?" फॉर्म सुटून, भरून, बंद होऊन चार महिने झालेले असतात. पेढा तोंडात असताना हे सांगणं जिवावर येतं.

मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. शिफारसपत्रं लिहिता लिहिता हे काम अंगाला चिकटलं. इथून पदवीसाठी थेट बाहेर जाणारी मुलं अजून मोजकीच आहेत. बहुतेक जण पुण्यात इंजिनिअरिंग करून मग एमएसला जातात, आणि तो रस्ता सगळ्यांना पाठ आहे. बारावीनंतरचा रस्ता वेगळा आहे, त्याचे टप्पे सांगतो.

आधी कॅलेंडर

अमेरिकेच्या बहुतेक विद्यापीठांचा अर्ज 'कॉमन ॲप'वर भरतात. तो दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. ब्रिटनचा अर्ज 'यूकॅस'वर. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांसाठी १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारीचा मध्य. म्हणजे गड्ड्याची यात्रा भरलेली, होम मैदानावर पाळणे फिरतायत, कॉलेजात प्रॅक्टिकलची तयारी चाललीय, आणि त्याच आठवड्यात अर्ज पाठवायचा. आपली बोर्डाची परीक्षा त्यानंतर, फेब्रुवारी-मार्चला. निकाल मे महिन्यात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. अर्ज वाचणाऱ्याच्या हातात तुमचा बारावीचा निकाल नसतो. त्याच्यापुढे असतात नववी, दहावी, अकरावीचे गुण, बारावीची सहामाही आणि शिक्षकांचं म्हणणं. ज्या अकरावीला आपण 'आरामाचं वर्ष' म्हणतो, तीच इथे वजनाची ठरते.

सोसेल असा क्रम असा: अकरावीच्या दिवाळीपर्यंत देश आणि विषय ढोबळमानाने ठरवा, पासपोर्ट काढा. अकरावीच्या उन्हाळ्यात इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेसाठी लागणार असेल तर सॅट ही प्रवेशपरीक्षा. बारावीच्या जून-जुलैत निबंधाचे पहिले खर्डे. ऑगस्टमध्ये शिक्षकांना भेटा. दिवाळीच्या आत पहिले अर्ज गेले तर डिसेंबरपासून बोर्डाच्या अभ्यासाला मान खाली घालता येते. सीईटी किंवा जेईईचा फॉर्म मात्र भरून ठेवाच, कारण परदेशच्या अर्जात 'नाही' हे उत्तर हुशार मुलांनाही येतं.

देश निवडताना प्रवेशाचा नियम आधी वाचा

जर्मनीपासून सुरुवात करतो, कारण 'जर्मनीत शिक्षण फुकट आहे' हे वाक्य सोलापुरात रिक्षावाल्यालाही माहीत आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, हे खरं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. खरी मेख प्रवेशात आहे. नुसत्या बारावीवर तिथे पदवीला थेट प्रवेश साधारणपणे मिळत नाही. एक तर जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण हवं, मग तांत्रिक आणि विज्ञान विषयांची दारं उघडतात. नाही तर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचं पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं. तिसरा मार्ग 'श्टुडिएनकोलेग' नावाच्या वर्षभराच्या पूर्वतयारीचा, आणि त्यासाठी आधी जर्मन भाषा यायला हवी. पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम जर्मनमध्येच चालतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना 'एपीएस' हे कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्याची फी १८ हजार रुपये आणि वाट बघण्याची तयारी वेगळी. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये टाकून दाखवावे लागतात. पैसे तुमचेच असतात, दरमहा ठरावीक रक्कम तुम्हाला परत मिळते. पण सुरुवातीला ते एकरकमी उभे करावे लागतात. माझ्या मते जर्मनीचा विचार असलेल्या मुलाने अकरावीतच जर्मनचा क्लास लावावा आणि पदवीचं पहिलं वर्ष इथेच, मनापासून करावं. तो वेळ वाया जात नाही.

ब्रिटनमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. एका अर्जात पाच निवडी, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एकच. राज्य मंडळाच्या मुलांनी एक गोष्ट तपासायची: काही विद्यापीठं सीबीएसईपेक्षा राज्य मंडळाला जास्त टक्के मागतात. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळं पान असतं, तिथे हे स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

ऑस्ट्रेलियाची सत्रं फेब्रुवारी आणि जुलैला सुरू होतात. म्हणून मे महिन्यात पेढे घेऊन येणाऱ्यांना मी पुढच्या फेब्रुवारीचं ऑस्ट्रेलिया सुचवतो. निकाल हातात असतो, धावपळ होत नाही. कॅनडात २०२४ पासून पदवीच्या विद्यार्थ्याला प्रांताचं मान्यतापत्र लागतं, आणि झटपट परवान्याची जुनी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यामुळे त्याआधी गेलेल्या मावसभावाचा सल्ला तिथे लागू पडेलच असं नाही.

आणि एमबीबीएसवाल्यांसाठी चार ओळी. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तानच्या जाहिराती जागोजागी लागतात. बाहेर शिकून भारतात डॉक्टरकी करायची असेल तर नीट उत्तीर्ण होणं सक्तीचं आहे. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशात तुम्हाला डॉक्टर म्हणून नोंदणी मिळायला हवी. जो एजंट 'नीटचं बघू नंतर' म्हणतो, त्याच्या ऑफिसातला चहा पिऊन बाहेर पडा.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. अर्ज आणि वेळ ऑनलाइन घ्यायची. पंधरा ते अठरा वयोगटातल्या मुलांनी दहा वर्षांचा पासपोर्ट मागावा, तशी सोय आहे. नाहीतर तो अठराव्या वर्षी संपतो आणि ऐन व्हिसाच्या वेळी नूतनीकरण करत बसावं लागतं.

घोळ असतो तो नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर क्रम उलटा. पासपोर्टवर दोनच रकाने, नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव कुणी पहिल्या रकान्यात जोडतं, कुणी सोडून देतं. त्यात आपल्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांतली आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावात एक 'एच' जास्त होता, पासपोर्टवर तो नव्हता. ऑफर लेटर एका स्पेलिंगचं आणि बँकेचं पत्र दुसऱ्या. शेवटी प्रतिज्ञापत्र करून निभावलं, पण त्या घरातली तीन आठवड्यांची झोप गेली.

म्हणून सगळे कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर अक्षर लावून बघा. गुणपत्रिकेतली चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो, आणि त्याला आपल्या घाईशी काही देणंघेणं नसतं. दुरुस्ती अकरावीतच करून घ्या. मग पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने, प्रत्येक अर्जात आणि परीक्षेच्या नोंदणीत टाका.

तुम्हाला ओळखणारा एक तरी शिक्षक हवा

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथे. अमेरिकेच्या नामवंत विद्यापीठांना साधारण दोन विषयशिक्षकांची पत्रं आणि शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल लागतो. ब्रिटनला एक संदर्भपत्र. आता आपल्याकडचं चित्र बघा. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. वर्गात आठ-दहा टाळकी, हजेरीपट मात्र भरलेला. मग डिसेंबरमध्ये एक मुलगा समोर येऊन उभा राहतो, "सर, लेटर पाहिजे होतं." त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. काय लिहू? 'हा विद्यार्थी प्रामाणिक व कष्टाळू आहे' असं पत्र तर शिपाईसुद्धा लिहून देईल.

क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात असाल तरी दोन विषयांच्या तासांना बसा. प्रॅक्टिकलला प्रश्न विचारा. एखादा प्रकल्प करा आणि शिक्षकांना दाखवा. ऑगस्टमध्ये पत्र मागताना एका कागदावर चार-पाच गोष्टी लिहून द्या: त्यांच्या तासाला काय आवडलं, कुठे अडलात, काय केलंत. शिक्षकाला आठवायला मदत होते आणि पत्रात जीव येतो. पत्र स्वतः लिहून सही मागू नका. काही शिक्षक स्वतःहूनच 'तूच लिहून आण' म्हणतात, त्यांना हा कागद द्या. विद्यार्थ्याने लिहिलेलं पत्र ओळखू येतं, त्याची भाषा निबंधासारखीच असते.

कॉमन ॲपवर शिक्षकाचा ईमेल टाकला की त्यांना दुवा जातो आणि पत्र ते स्वतः चढवतात. कॉलेजचा अधिकृत ईमेल असेल तर उत्तम. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अर्जात येतो. 'हो' म्हणा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं. समुपदेशक हा प्राणी आपल्या कॉलेजात नसतो. ते काम प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. दुवा स्पॅममध्ये जातो, म्हणून त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा.

गुणांचा एकत्रित उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, आपल्या कार्यालयात तयार मिळत नाही. नववीचं प्रगतिपुस्तक हायस्कूलमध्ये, अकरावीचे गुण कॉलेजच्या रजिस्टरमध्ये. लेटरहेडवर चारही वर्षांचे विषय आणि गुण इंग्रजीत टाइप करून घ्या, खाली प्राचार्यांची सही, गोल शिक्का, तारीख. मी एकदा क्लार्ककाकांबरोबर दोन तास बसलो होतो. रजिस्टरमधला सातचा आकडा एकासारखा दिसायचा आणि काका चष्मा कपाळावर सरकवून, बोटाने ओळ धरून वाचत होते. चार प्रती काढल्या. तिसऱ्या प्रतीवर शिक्का उलटा पडला, ती मी घरी ठेवली.

सोबत कॉलेजची एक पानाची ओळख जोडायला सांगा: राज्य मंडळ म्हणजे काय, अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं आणि बारावीची मंडळ, बारावी ६०० गुणांची, भौतिकशास्त्रात ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक, कॉलेजात कोणते विषय मिळतात. बॉस्टनमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्याला आपलं ७८ टक्के म्हणजे काय ते कळत नाही. ते त्याला कळवण्याचं काम या एका पानाचं.

परीक्षा

यावर फार लिहीत नाही, क्लासवाले पुरेसं बोलतात. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेला साधारण १८ हजार रुपये लागतात, गुण दोन वर्षं चालतात, पासपोर्ट नेणं आवश्यक. टोफेलही चालतं, आणि अमेरिकेतली बरीच विद्यापीठं घरबसल्या देता येणारी ड्युओलिंगोची परीक्षा घेतात. काही ब्रिटिश विद्यापीठं बारावीच्या इंग्रजी गुणांवर सूट देतात, पण मंडळागणिक नियम बदलतो. सॅट आता लॅपटॉपवर, २ तास १४ मिनिटांची, १६०० गुणांची. अनेक ठिकाणी ऐच्छिक आहे; एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी पुन्हा सक्तीची केली. गणितात आपली मुलं तरतात, इंग्रजी उताऱ्यांत गटांगळ्या खातात. त्यावर वर्षभर रोज अर्धा तास इंग्रजी वाचन, दुसरा इलाज मला ठाऊक नाही.

निबंध

कॉमन ॲपचा निबंध ६५० शब्दांचा. यूकॅसचं निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय, मिळून ४००० अक्षरं. दोघांची जात वेगळी. ब्रिटनला विषयाबद्दल ऐकायचं असतं: हाच विषय का, त्यासाठी शाळेत काय शिकलात, शाळेबाहेर काय केलंत. अमेरिकेला माणूस ऐकायचा असतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा खर्ड्यांत पहिल्या परिच्छेदात डॉ. कोटणीस असतात. १९३८ साली आपल्या गावचा माणूस चीनला गेला याचा अभिमान मलाही आहे, पण कोटणीसांना प्रवेश नकोय, तुम्हाला हवाय. एका मुलाने आठव्या खर्ड्यात घरातल्या यंत्रमागाबद्दल लिहिलं. रात्रभर खटखट चालू असताना सगळे गाढ झोपतात आणि वीज गेली, माग थांबला की आजी दचकून उठते. त्या शांततेत तो बॅटरीच्या उजेडात तुटलेले धागे गाठवायला शिकला. पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंग का, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. पहिल्या सात खर्ड्यांत त्याने 'लहानपणापासून यंत्रांची आवड' लिहिली होती.

उपक्रमांच्या यादीत दहा जागा असतात, प्रत्येकाला १५० अक्षरं. "सर, मी तर काहीच केलं नाही" हे उत्तर ठरलेलं. मग विचारत गेलं की कळतं, काकांच्या नवी पेठेतल्या दुकानाचा हिशेब तीन वर्षं हीच बघते, धाकट्या दोघांना शिकवते, आजीला दवाखान्यात नेते. घरच्या जबाबदाऱ्यांसाठी त्या यादीत स्वतंत्र प्रकार आहे, तो भरा. भाषांच्या रकान्यातही संकोच नको. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, मैत्रिणीकडे कन्नड, हे आपल्याला रोजचं आहे. तिकडच्या वाचणाऱ्याला नाही.

पैसा

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाचा राहण्याजेवणासकट वर्षाचा छापील खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. आकडा बघून लॅपटॉप मिटू नका आणि आकडा न बघता अर्जही करू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना तो पैसे भरू शकतो का हे बघत नाहीत, आणि प्रवेश दिला तर गरजेइतकी मदत देतात. पण तिथे शंभरात दहा जणांनाही प्रवेश मिळत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. म्हणून यादीत दोन-तीन अशी विद्यापीठं ठेवा जिथे गुणांवर फीसवलत मिळते. अर्जाची फी जड जात असेल तर ती माफ करण्याची विनंती शाळेमार्फत करता येते.

सरकारी शिष्यवृत्तीबद्दल इथे मोठा गैरसमज आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. बारावीनंतर त्यांचा उपयोग नाही.

कर्जासाठी बँकेत जाताना सातबारा घेऊन जाणारे बरेच. शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून धरत नाहीत. घर, फ्लॅट किंवा एनए प्लॉट लागतो, त्याचा सिटी सर्व्हे उतारा आणि मूल्यांकन. वाटणी न झालेलं वडिलोपार्जित घर असेल तर काका-आत्यांच्या संमतीचा विषय निघतो, तो मार्चमध्ये नव्हे, आदल्या दिवाळीत काढा. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांवर रक्कम बाहेर पाठवली तर बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते, तो पुढे आयकर विवरणात वळता होतो. शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

एजंटबद्दल एकच. त्याला विद्यापीठ कमिशन देतं, म्हणून त्याची सेवा 'फुकट' असते आणि त्याची यादी कमिशनवाल्यांचीच. मदत घ्या, पण ईमेल आणि पासवर्ड स्वतःच्याच हातात ठेवा. अमेरिकेसाठी एज्युकेशन यूएसए आणि जर्मनीसाठी डाड या अधिकृत संस्था माहिती मोफत देतात.

व्हिसा

अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मुंबईतून होतो. विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा कागद आला की ३५० डॉलर सेव्हिस फी, मग व्हिसा अर्जाचा डीएस-१६० फॉर्म, मग बोटांचे ठसे आणि मुलाखतीची वेळ. समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, २०२५ पासून. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठणारे पुष्कळ. मी म्हणतो आदल्या दिवशी जा, गाडीला उशीर झाला तर नवी तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार, याची उत्तरं मुलानेच द्यायची.

ब्रिटनसाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी लागते आणि पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून असावे लागतात. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. त्या महिन्यात त्या खात्यातून लग्नाचा आहेरसुद्धा देऊ नका.

मे महिना

निकाल लागल्यावर अंतिम गुण विद्यापीठाला पाठवावे लागतात आणि अमेरिकेत ते कॉलेजनेच पाठवायचे असतात. तेव्हा सुट्टी असते. प्राचार्य गावी, उपप्राचार्य पेपर तपासणीला, कार्यालयात एकटे क्लार्ककाका आणि एक पंखा. पावसाळ्यात सीईटीवरून इंजिनिअरिंगला तात्पुरता प्रवेश घेतलात तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिकडे जमा होतो, म्हणून त्याआधीच त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. आणि एप्रिलमध्ये, शेवटचा पेपर झाला की कार्यालयात एक चक्कर मारून विचारा: मे महिन्यात सही कोण करणार, गोल शिक्का कुठल्या कपाटात असतो आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते.